उठवणीचा धवला

१

काळुराम म्हात्रे जेवला की हात धुवायच्या आधी टीव्हीचं बटण दाबायचा. त्याची सून गोदा कुरकुरायची की बाबा, बटणाला कालवणाचा वास येतो. तो म्हणायचा, येऊ दे, बातम्यांना तेवढीच चव येईल.

कोपरच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला त्याचं घर. पूर्वी घरामागे भाताची खाचरं होती आणि पलीकडे मिठागर. काळुरामनं उमेदीची सगळी वर्षं त्या मिठागरात घातली. मग बिल्डर आला, मिठागर बुजलं, त्यावर चार-चार मजले चढले आणि इमारतींना नावं मिळाली ती सगळी फुलांची. त्यातलं एकही फूल त्या खाऱ्या मातीत सात जन्मांत उगवलं नसतं, पण पाटी रंगवणाऱ्याला कोण विचारतो.

त्र्याण्णव साली काळुरामच्या थोरल्या पोरानं, पंढरीनं, केबलचा धंदा काढला. गच्चीवर छत्री बसली, मागच्या भाताच्या खोलीत मशिनं बसली, आणि तिथून काळ्या वायरी आंब्यावरून जांभळीवर, जांभळीवरून फुलांच्या इमारतींवर गेल्या. कावळ्यांची बसायची सोय झाली. घरचा टीव्ही मात्र जुना, आठ बटणांचा. एवढी चॅनलं त्याला पेलवेनात. तेव्हा पंढरीनं डोकं चालवलं. केबल आधी घरच्या व्हीसीआरमध्ये घातली आणि व्हीसीआरमधून टीव्हीत आणली. टीव्हीला हात लावायचा नाही, चॅनल बदलायचं ते व्हीसीआरवर.

शिवाय एक वायर उलट्या दिशेची होती, व्हीसीआरमधून मागच्या खोलीत जाणारी. शनिवारी रिकाम्या चॅनलवर सगळ्या गावाला पिक्चर दाखवायचा, तो ह्याच घरच्या व्हीसीआरवरून. त्या वायरीला पंढरीनं खूण म्हणून लाल चिंधी बांधली होती. पिक्चर संपला की चिंधीची वायर काढायची, नाहीतर आपण घरात लावू ते गावभर दिसेल, एवढं एकच काम त्यानं बापाला सांगून ठेवलेलं. वायर टेबलाच्या मागे, खाली. तिथवर पोचायला वाकायला लागायचं. काळुरामला वाकण्याचा कंटाळा होता, आणि सांगितलेलं काम करण्याचा त्याहून जास्त.

२

व्हीसीआरवरचं भरायचं लाल बटण काळुरामला सापडलं आणि कोपरची शांती संपली.

पहिला बळी महिपत. मिठागरावरचा जुना जोडीदार, भोळा, चहाला कधी नाही न म्हणणारा. तो एक दिवस जमिनीच्या कामासाठी ठाण्याला कोर्टात गेलेला. त्या दिवशीच्या मॅचची शेवटची षटकं काळुरामनं भरून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी महिपतला बोलावून ताजी म्हणून लावली. मग डोळे मिटून, मांडी हलवत, आता हा उंच मारणार आणि तो जाड्या पकडणार, असं सांगत सुटला. तिसरी विकेट पडली तशी महिपतनं हातातली बशी खाली ठेवली आणि काळुरामला नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की काळुरामच्या अंगात गावदेवी येते. एक बाई नारळ घेऊन आली, तिची म्हैस हरवलेली. काळुरामनं तोंडाला येईल ते सांगितलं, विठ्ठलवाडीकडे बघ. पंचाईत अशी की म्हैस तिथंच सापडली.

ह्या सगळ्या आनंदात रात्रीचं जेवण झालं, आणि त्याची धाकटी पोर लक्ष्मी व्हीसीआरमधून कॅसेट काढून ती हातात धरून उभी राहिली. वैशाखात तिचं लग्न ठरलेलं. घरात पत्रिका वाटायचं चाललेलं. ती नुसतीच उभी आहे हे बघून काळुरामचं हसणं अर्ध्यात थांबलं.

"बाबा, मॅच ह्याच्यावर भरलीस?"

ती पंढरीच्या लग्नाची कॅसेट होती, शहाऐंशी सालची. तिच्यात काळुरामची बायको तुळसा होती. तुळसा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. ती हळदीला बसते आणि धवला गाते. गाता गाता आवतण देते, म्हणजे बोलावणं करते, गावदेवीला, खाडीला, झाडांना, आणि घरातून गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. सगळे आल्याशिवाय हळद लागत नाही. आणि लग्न उरकलं, देवक उठवलं, की बोलावलेल्या सगळ्यांना तीच परत नावं घेऊन वाटेला लावते. ती उठवणी. तुळसाला जाऊन चार वर्षं होत आली होती आणि तिचा आवाज एवढ्या एका कॅसेटवर उरला होता. आपल्या हळदीला मांडवात टीव्ही ठेवायचा आणि आईचाच धवला लावायचा, असं लक्ष्मीनं मनाशी धरलेलं.

कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा दात मोडला की तिच्यावर काही भरता येत नाही. लक्ष्मीनं तो स्वतः मोडला होता. पण घरातली एकही कॅसेट फुकट राहू नये म्हणून काळुरामनं सगळ्यांच्या पाठीवर चिकटपट्ट्या डकवून ठेवलेल्या. लक्ष्मीनं कॅसेट लग्न लागेपर्यंत बघून आतच सोडली होती. काळुरामनं नुसतं बटण दाबलं. मागे फिरवताना हळदीचा पिवळा रंग चमकून गेला, तेव्हा त्याला वाटलं, साबणाची जाहिरात असेल.

हळद वाचली होती, आवतण वाचलं होतं. उठवणी गेली होती.

लक्ष्मी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कॅसेट टीव्हीवर ठेवली आणि म्हणाली, "आयनं बोलावलेल्या लोकांना आता परत कोण पाठवील? मॅच?"

३

दुसऱ्या दिवसापासून काळुराम दुपारी एकटाच ती कॅसेट लावून बसू लागला. गोदा आत पडलेली असे, पंढरी वायरी ओढायला गेलेला, लक्ष्मी शिवणाच्या क्लासला. पडदा ओढलेली पुढची खोली, वर पंखा, आणि काचेत तुळसा. नाकात मोठी नथ, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर पालथे. समोर पाटावर पंढरी हळदीनं माखून बसलेला, लोणच्याच्या फोडीसारखा. तुळसा गावदेवीला बोलवायची, खाडीला बोलवायची, आंब्याला, मिठाला. मग घरच्या गेलेल्यांना. शेवटी नाथाला.

नाथा नात्याचा कोणी नव्हता. काळुराम आणि महिपतच्या बरोबर मिठागरात असायचा. पंढरीच्या लग्नाच्या कितीतरी आधी एका उधाणाला बांध फुटला आणि खाडीनं त्याला नेलं. मागे रडायला कोणी नाही, मग बोलवायला तरी असावं, म्हणून तुळसानं त्याला घरच्या आवतणात घातलेलं.

मांडवाच्या कडेला केळीचा खुंट बांधलेला. खुंटाच्या मागे एक माणूस उकिडवा बसलेला काळुरामला दिसला. डोक्यावर ओलं फडकं. पहिल्या दिवशी त्यानं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, हे बसणं ओळखीचं आहे. तिसऱ्यांदा त्यानं गुडघ्याशी पडलेलं व्हीसीआरचं रिमोट उचललं आणि चित्र थांबवलं.

थांबलेल्या चित्रात पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. तुळसाचं तोंड उघडं थांबलं होतं. वर धरलेला पंढरीच्या मामीचा हळदीचा हात थांबला होता. करवल्या, पोरं, दारातलं कुत्रं, सगळं थांबलं होतं.

नाथा गुडघा खाजवत होता.

काळुराम त्याच्याकडे बघत राहिला. अंगठ्याच्या नखानं, सावकाश, वरून खाली. मिठाच्या पाण्यात दिवसभर उभं राहणाऱ्याचा गुडघा असाच खाजतो, हे काळुरामला कोणी शिकवायला नको होतं. त्याचा स्वतःचा हात गुडघ्यावर गेलेला त्याला नंतर कळलं.

पहिला विचार आला तो पंढरीचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोड्या काढणाऱ्याला दुसरं काय सुचणार? पोरानं मागच्या खोलीत बसून काहीतरी करामत केली आणि बापाचं उट्टं काढलं. मनातून त्याला पोराचा अभिमानही वाटला. संध्याकाळी त्यानं पंढरीला धरून आणलं आणि खुंटाकडे बोट दाखवलं. पंढरीनं वाकून बघितलं. म्हणाला, केबलची आणि व्हीसीआरची वायर शेजारी असली की एकाची छाया दुसऱ्यावर पडते. आणि माणूसच असेल तर असेल कोणतरी, लग्नाला अर्धं कोपर जेवायला आलेलं, सगळ्यांना ओळखायला तो काय रेशनकार्डवाला आहे?

पंढरी नाथाला ओळखणार कुठून? नाथा गेला तेव्हा पोरगं पाळण्यात होतं. काळुराम गप्प बसला. तो गप्प बसला हे बघून घरातल्या सगळ्यांना वाटलं, डोकरा काहीतरी मोठी खोडी शिजवतोय.

४

काळुराम अडाणी असला तरी त्याच्या डोक्यात एक कोर्ट होतं, आणि तिथं तो स्वतःला रोज उभा करायचा. वय झालं. चूक झाली ती मनाला लागली. दुपारचं जड जेवण. दिसणारच माणसं.

पण माणसं वाढत होती.

पहिले काही दिवस त्याचा चहा संपायच्या आत आवतण संपत असे. आता चहा संपून कपाला मुंग्या लागायच्या तरी तुळसा नावंच घेत असायची. त्यातली कितीतरी काळुरामनं कधी ऐकली नव्हती. पंढरीच्या मामा-मावश्यांच्या मागे दुसरी रांग बसलेली दिसू लागली, तिच्या मागे तिसरी. डोक्याला मुंडाशी बांधलेले म्हातारे. उघड्या खांद्यांच्या बाया, कडेला मिठाच्या पाट्या ठेवून बसलेल्या. मांडव तेवढाच, चार बांबूंचा, आणि तरी सगळे मावत होते. त्यांच्या पाठीमागे जिथं खाचरं असायला हवी होती तिथं पांढरं होतं, सपाट, थेट आभाळाला लागलेलं. काळुरामला वाटायचं, टीव्ही बिघडला. आणि वाटायचं, आपण देवळात बसलोय. तो पाय खाली घेऊन, बंडीची बटणं लावून बसू लागला.

आणि आवाज. वाळलेल्या मिठावर पाय पडला की करकर होते, तो. दातांत जाणवतो तो आवाज. आधी टीव्हीतून यायचा. मग एक दिवस काळुरामनं टीव्हीचा आवाज बंद केला, आणि तो ओटीवरून आला.

सकाळी गोदा फरशी पुसताना बडबडायची. ह्या घराला मीठ फुटतंय, ठिकठिकाणी पांढरं होतंय, रंगवाल्यानं सांगितलेलंच की खारी जमीन आहे, भिंती फुगतील. पांढरं होत होतं ते दारापासून आतपर्यंत, एका रांगेत, पावलापावलाचं अंतर ठेवून. गोदा ते बघत नव्हती, कारण पुसणारा फरशी बघत नाही, घाण बघतो. काळुरामनं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती. गावदेवी अंगात येते म्हणून ज्यानं महिपतला पायाशी लोळवलं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कोणी?

मग ती दुपार आली. धवला चालू होता. काळुरामनं पाटाकडे बघितलं आणि पंढरी पाटावर नव्हता. पाट रिकामा, पुसून लखलखीत. बाजूला हळदीची वाटी. बाया पाटाभोवती गोल बसल्या होत्या, हात हळदीनं भिजवून वर धरलेले, कोणाला तरी आणून बसवतील म्हणून थांबलेल्या.

तेवढ्यात घरातल्या दारातून लक्ष्मी आली. हातात लग्नाचा शालू, खांद्यावर उलगडून धरलेला, बाबा, कसा दिसतो म्हणत.

काचेतल्या सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

काळुरामनं रिमोट शोधलं नाही. त्यानं भिंतीतली वायर ओढून काढली. लक्ष्मीनं विचारलं, काय झालं, एवढा का घामाघूम झालास. तो म्हणाला, शालू बघून दिपलो. ती हसून आत गेली. तिनं आईचा आवाज ऐकला होता, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती म्हणाली होती, जाता जाता, सहज, "बाबा, अर्धा तर अर्धा. हळदीला हाच लावू ना."

हळद तोंडावर आलेली.

५

दुसऱ्या दिवशी महिपत आला. हाक न मारता आत आला, आणि चहा नको म्हणाला, तेव्हाच काळुरामनं ओळखलं की काहीतरी आहे.

महिपत बराच वेळ टोपीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या चॅनलवर माझा बाप हाय."

काळुरामनं टेबलाच्या मागे बघितलं. लाल चिंधी तिथंच होती, वायर जागच्या जागी. शनिवारनंतर ती काढलीच नव्हती. त्याच्या आदल्या शनिवारनंतरही नाही.

महिपत सांगत होता ते असं. रिकाम्या चॅनलवर दुपारी तुळसा गाते, हे कळून बरेच दिवस झाले. कोणी कोणाला बोललं नाही. ज्याला त्याला वाटलं, आपल्यालाच दिसतं. महिपतची बायको दुपारची भांडी तशीच टाकून टीव्हीपुढे बसते, तिला तिथं तिची पहिली पोर दिसली, चार महिन्यांची गेलेली, कोणाच्या तरी मांडीवर. फुलांच्या इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची बाई, तिला तर ह्यांची भाषाही येत नाही, तीही बघते आणि डोळ्याला पदर लावते. तिचं कोण होतं तिथं, कोणास ठाऊक. मीठ ओढायला लांबलांबून माणसं येऊन राहिलेली, आणि त्यातली सगळीच काही परत गेली नव्हती.

काळुरामला खोटं वाटलं. त्यानं वायर परत भिंतीत घातली, कॅसेट लावली आणि महिपतला घेऊन ओटीवर आला.

दुपारचं ऊन. रस्त्यावर माणूस नाही, रिक्षा नाही, कुकरची शिट्टी नाही. आणि घराघरांतून, कौलाखालून, गच्चीखालून, चौथ्या मजल्याच्या जाळीच्या खिडकीतून, एकच आवाज. तुळसाचा. घरात गाणाऱ्या त्याच्या बायकोचा. तिनं खाडीला बोलावलं तेव्हा भरतीची वेळ नसताना खाडीकडून गार वारा आला आणि ओटीवरचे वाळत घातलेले पापड उलटले. दोघे म्हातारे हात जोडून उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक वर गेले.

धवला थांबला तेव्हा महिपत हळूच म्हणाला, "सगले दाटीवाटीनं बसलंत, काळू. माझ्या बापाला बसाला जागा नाय, उभाच हाय बिचारा. त्यांना आता पाठव. पोरीची हळद हाय. त्यांना वाटेल, तिच्यासाठीच बोलावलंय."

६

पाठवायचं म्हणजे उठवणी गायची. दुसऱ्या धवलारणी होत्या, पण त्यांची उठवणी त्यांनी बोलावलेल्यांसाठी. तुळसाची उठवणी तुळसाला ठाऊक, आणि तिच्याशेजारी बसून चाळीस वर्षं जागरणं केलेल्या एका माणसाला. पण तो माणूस म्हणजे काळुराम.

प्रत्येक लग्नात, उठवणी संपली की काळुराम डोक्यावरून टॉवेलाचा पदर घ्यायचा, नाक मुरडायचा आणि तुळसाच्याच चालीत आपली उठवणी म्हणायचा. उठा देवांनो, बसलात तर भांडी घासायला लावतील. उठ गं खाडी, तुझ्या पाण्यात म्हातारीचं लुगडं वाहून चाललं. मांडव हसून हसून आडवा व्हायचा. तुळसा पदर तोंडाला लावून मान फिरवायची, आणि तिचे खांदे हलताना दिसायचे. ते खांदे हलावेत म्हणून तो दरवेळी नवीन ओळ जुळवायचा. आता खऱ्या ओळी आठवायला बसला तर खऱ्याच्या जागी आपलीच थट्टा यायची. कॅसेट पुसली गेली ती परवा. हे पुसणं लग्नालग्नाला चाललेलं.

हळदीच्या आदल्या दुपारी त्यानं लक्ष्मीला गोदाबरोबर बांगड्या भरायला कल्याणला पाठवलं. चिंधीची वायर तशीच ठेवली. जे बघत होते त्यांना शेवटपर्यंत बघू दे. मग कॅसेट लावली.

तुळसा गात होती आणि मांडवाला आता कडा नव्हती. पांढऱ्यावर, दिसेल तिथवर, माणसं. त्यांच्या मधूनच झाडं. त्यांच्या मागे काहीतरी प्रचंड, सावकाश हलणारं, ते पाणी होतं की आणखी काही हे काळुरामनं बघितलं नाही. एवढ्या सगळ्यांच्या मध्ये रिकामा पाट.

आवतण संपलं. आता लग्न लागायचं, आणि मग मॅच यायची. लग्न लागलं नाही. मॅच आली नाही. तुळसा थांबली. तिनं डोळे उघडले. सगळं पांढरं मैदान गप्प झालं, आणि काळुरामच्या मागे, खोलीत, मीठ एकदा करकरलं.

काळुराम उठला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला. खरी ओळ आठवली नाही. त्यानं होती ती म्हटली. उठा देवांनो, बसलात तर भांडी घासायला लावतील.

कोणी हललं नाही. त्याला वाटलं, संपलं.

मग नाथाचे खांदे हलले. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याचे. मग त्या उघड्या खांद्यांच्या बायांचे. हसणं मागे मागे सरकत गेलं, भरती बांधाला लागून परतते तसं, आणि काळुरामला तोंडभर बळ आलं. तो एकेकाचं नाव घेत गेला. जे माहीत होतं ते, आणि जे माहीत नव्हतं तेही, कारण चाळीस वर्षं कानावर पडलेलं कुठंतरी होतंच. नाव घेतलं की माणूस उठायचा, बसल्या जागेची धूळ झटकायचा आणि पांढऱ्यात चालू पडायचा. खाडीचं नाव घेतलं तेव्हा ओहोटीचा आवाज घराच्या पायाखालून गेला. महिपतचा बाप गेला. नाथानं एकदा गुडघा खाजवला आणि तोही गेला.

राहिली तुळसा.

आता तिचं नाव घ्यायचं. काळुरामनं तोंड उघडलं. नाव आलं नाही. त्याच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत. तो तिला अगो म्हणायचा, पंढरीची आय म्हणायचा. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं उखाण्यात म्हशीचं नाव घालून सगळ्यांना हसवलं, आणि तिचं राहिलं ते राहिलंच. सगळ्या गावाची नावं जिभेवर, आणि हे एक नाही.

ती वाट बघत होती. मग जराशी सरकली. पदराच्या टोकानं पाट पुसला, आधीच पुसलेला, आणि त्याच्यावर हात ठेवून काळुरामकडे बघितलं.

पाट लक्ष्मीसाठी नव्हता.

काळुरामचा जीव गार पडला आणि त्याच वेळी एवढा हलका झाला की त्याला खुर्ची धरावी लागली. पोरीचं निवारलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "पोरीची हळद होऊ दे."

कॅसेट संपली आणि घरघरत आपोआप मागे फिरू लागली.

७

हळदीला पंढरीनं व्हीसीआर काढून मागच्या खोलीत कुलूप लावून ठेवला. बापाच्या खोड्यांचा त्याला चांगला अनुभव. कॅसेट काळुरामनं आपल्या मांडीखाली घेतलेली. लक्ष्मीला त्यानं सांगितलं, खराब झाली, लागत नाही.

धवला म्हणायला आवडाबाईला बोलावलं होतं. आवाज चांगला, पण दमा. आवतणाच्या मध्यावर तिला ठसका लागला आणि ती थांबली.

धवला थांबला नाही.

क्षणभर मांडव चित्रासारखा बसला. मग सगळ्या माना काळुरामकडे वळल्या, आणि जे हसणं उसळलं त्यात वाजंत्रीवालेही सामील झाले. डोकऱ्यानं कॅसेट लावलीच म्हणे. पंढरी कुलपाची किल्ली कंबरेला चाचपत कपाळाला हात लावून हसला. लक्ष्मी हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती, सगळं तोंड पिवळं झालेलं, आणि तिला रडायचं की हसायचं ते कळत नव्हतं.

"लावलीस ना शेवटी, बाबा."

"लावली," काळुराम म्हणाला. आणि मांडीखालची कॅसेट जराशी आत सरकवली.

लग्न झालं. लक्ष्मी ठाण्याला सासरी गेली. आवडाबाईनं देवक उठवलं, तिनं बोलावलेले सगळे गेले. पंढरीनं स्वतः वाकून चिंधीची वायर काढली. काळुरामनं एकदा कॅसेट लावून बघितली. हळद, पाटावर पंढरी, तुळसा गातेय, लग्न, आणि मग मॅच. खुंटामागे कोणी नाही. रिकामं चॅनल रिकामं झालं, आणि गावातल्या बाया दुपारची भांडी दुपारीच घासू लागल्या.

फरक एवढाच की ज्याला जन्मात कधी दुपारी झोप आली नाही, त्या काळुरामला आता जेवला की झोप यायला लागली. टीव्ही न लावताच. गाढ, गोड, वारा लागलेली. उठला की पाय दुखायचे, चालून आल्यासारखे. पण तोंडावर हसू असायचं. गोदा महिपतला सांगायची, डोकरा झोपेतपण कोणाची तरी खोडी काढतो.

एक दिवस तो उठला तेव्हा गोदा पोछा घेऊन खोलीच्या मध्ये उभी होती. दारापासून खाटेपर्यंत फरशीवर पांढरी पावलं होती, बाईची, लहान. ती रोजची होती, गोदा ती रोज पुसायची. आज खाटेपासून दारापर्यंतही होती. दोन जोड्या, शेजारी शेजारी. त्यातली एक रुंद, फताड्या बोटांची, आणि तीच परत आत आलेली.

"बाबा, कुठं जाऊन आलात हो?"

काळुरामनं पाय उचलून तळवा बघितला. भेगांमध्ये पांढरं भरलेलं. त्यानं बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. दुकानातलं नव्हतं ते. जरासं कडवट, खाली चिखलाचा वास. हे मीठ तो आंधळा झाला असता तरी त्यानं ओळखलं असतं. त्या मिठागरावर आता चार मजले उभे होते आणि पाटीवर फुलाचं नाव होतं.

तो खिडकीतून तिकडे बघत राहिला. गोदा अजून उभी होती.

"आत आलेली पूस," तो म्हणाला. "जायची राहू दे."

गोदा हसली. त्याच्या खोड्यांना घरात कोणी फारसं मनावर घेत नसे. तिनं सगळीच पुसली.